बापूचं अर्धं वाक्य

१६ जाने. २००५, रवि.

सगाई मोडली. माझ्या प्रोग्रामनं मोडली. लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही.

सेनगावकडच्या तांड्यावरून विमलसाठी पाहुणे आले होते, दुसऱ्यांदा. विमल काकाची पोरगी, काका गेल्यापासून आमच्याच घरी. मुलगा एसटीत कंडक्टर, तिला आवडलेला. त्यांच्याकडून बोलणार मुलाचे काका, देवराव. सगळं जुळलेलं. बापूनं तेवढं हो म्हणायचं राहिलेलं. माझा बाप तांड्याचा नायक, त्याच्या शब्दाशिवाय इथं साखर वाटत नाहीत.

गळ्याच्या आपरेशनपासून बापूला आवाज नाही. त्याच्याऐवजी लॅपटॉप बोलतो, त्याच्याच आवाजात. (दिवाळीच्या सुट्टीत, नांदेडला नेण्याआधी, मी त्याला माईकपुढं बसवून शब्द भरून घेतले होते. गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत पण अन् मराठीत पण. इथं मी सगळं मराठीतच लिहिते, हाताला तीच सवय.) तो एकेक शब्द निवडतो, मशीन बोलतं.

तर बापूनं लावलं, "देवराव... आमाला... हे... नातं... मान्य..."

अन् मशीन अडकलं.

आता बापूची जन्माची खोड. कुणाला नाही म्हणायचं असलं तर तो नाही म्हणतच नाही. वाक्य अर्ध्यात सोडतो अन् समोर बघत बसतो. तांड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, नायक थांबला म्हणजे नाही. त्यात आमच्या बोलीत हो का नाही ते शेवटच्या शब्दाशिवाय कळत नाही. आमच्याच माणसांनी माना खाली घातल्या. तांड्याचा कारभारी हळूच म्हणाला, "झालं. नायक थांबला."

देवरावकाका उठले. त्यांच्यामागं सगळे. बापू टेबलावर हात आपटत होता, लोकांना वाटलं रागानं. पाहुणे जीपपाशी पोचले तेव्हा मशीन बोललं, "हाये." रिकाम्या सतरंजीला.

मी पळत गेले. "काका, मशीन अडकलं हो. बापूला हो म्हणायचं होतं."

"पोरी, नायकानं तोंडावर न्हाई म्हटलं. आता मशीनवर काहून ढकलून राहिले तुमी?"

जीप गेली. विमल रडली नाही. घासलेली भांडी परत घासत बसली. ते रडण्याहून वाईट.


१७ जाने., सोम.

बापू जेवला नाही. पाटीवर लिहून दाखवलं, "यंत्र बंद कर. पाटी बरी."

पाटी बरी म्हणे! तांड्यात वाचता येणारी माणसं किती? मोठ्यांत कारभारी अन् अजून दोघं-तिघं. नसाबला, तांड्याच्या पंचायतीला बसायचं, भांडणं मिटवायची, अन् नायकानं लिहिलेलं कारभाऱ्यानं वाचून दाखवायचं. मग नायक कोण? बापूला हे कळत नाही असं नाही. कळतंय म्हणून तर जेवला नाही.

हिंगोलीला क्लासवर गेले. नसरीनला सांगितलं. (आम्ही दोघी मिळून क्लास चालवतो. ती टायपिंग-हिशोबाचं शिकवते, मी जावा, प्रोग्राम लिहायची भाषा.) आधी हसली, मग माझं तोंड बघून गप झाली. म्हणाली साउंडचं कार्ड बिघडलं असेल. दुसरं लावून पाहिलं. मग व्होल्टेज. मग व्हायरस. दिवसभर रोग म्हशीला अन् औषध पखालीला.


२० जाने., गुरु.

सापडलं! देवा, सापडलं!

जावाला एक कळ आहे, ती लावली की कचरा, म्हणजे मेमरीत वापरून टाकलेली जागा, कधी उचलला ते काळ्या खिडकीत ओळीनं लिहून दाखवते. लावली अन् बापूचीच वाक्यं दाबत बसले. आवाज अडकला की खिडकीत ओळ. अडकला की ओळ. दर वेळी.

कार्ड नाही, व्होल्टेज नाही, व्हायरस नाही. झाडू! मी पोरांना ऐटीत शिकवते ना, "जावात कचरा आपण उचलायचा नसतो, आपोआप उचलला जातो." जातो ना. फक्त कधी उचलायचा ते ती कुणाला विचारत नाही, अन् उचलेपर्यंत बाकी सगळ्यांना जागच्या जागी उभं करते. नेमकं "मान्य" अन् "हाये"च्या मधे तिला झाडायची हुक्की आली.

घरी याडीनं, आईनं विचारलं, "काय सापडलं गं?" म्हटलं, "समज पंगत बसलीय. घास हातात. अन् सून झाडू घेऊन आली, म्हणे उठा सगळे, मला झाडायचंय."

याडी म्हणाली, "असली सून कुणी करून आणली?"

म्हटलं, "मीच."

पण जिवात जीव आला. आजार कळला म्हणजे निम्मी तकलीफ गेली.


२३ जाने., रवि.

नसरीन म्हणाली, प्रोग्रामला मेमरी जास्त दे. जागा मोठी असली की कचरा लवकर साठत नाही. पटलं. दिली, भरपूर. सकाळभर एकदाही झाडू नाही. मी बापूला बळंच बाजेवरून उठवून मशीनपुढं बसवलं, "बघ, बघ, अडकतं का?" नाही अडकलं. मी अशी फुगले.

दुपारी कारभारी आला. बापू त्याला बोअरच्या मोटारीचं सांगत होता, "मोटार... वर..." अन् बंद. डिस्क नुसती खरखर खरखर. कारभारी थोडा वेळ बसला, मग उठून बैलांना पाणी पाजून आला, तरी मोटार वरच.

आगीतून फुफाट्यात. अंगण मोठं केलं, झाडायची पाळी कमी येते, पण आली की संपत संपत नाही. त्यात मशीनमधे खरी मेमरी तेवढी नाहीच. मी कागदावर दिली, तिनं उरलेलं डिस्कवर पसरलं, आता झाडायचं म्हणजे डिस्कवर जाऊन शोधून झाडा. स्वतःला शिव्या घातल्या. मुलांना असा प्रश्न परीक्षेत घालीन अन् चुकले तर छडी मारीन.

बापूनं लॅपटॉपवर त्याचा गमछा टाकून झाकलं. मेलेल्यावर टाकतात तसा.


२७ जाने., गुरु.

उलटं करून पाहिलं. झाडू राहू दे, आधी कचरा कोण करतंय?

मीच. दुसरं कोण. बापूनं "पाणी" दाबलं की माझा प्रोग्राम फाईल उघडणार, नवी जागा घेणार, आवाज काढणार, जागा फेकून देणार. परत "पाणी" दाबलं की परत नवी. पत्रावळीवर पत्रावळ. आता सुरू करतानाच सगळे शब्द एकदा भरून ठेवले. वाजवायला एकच जागा, तीच परत परत. पत्रावळी बंद, स्टीलचं ताट. खायचं, विसळायचं, परत वाढायचं. बोलायच्या वाटेवर नवं काहीच मागायचं नाही.

तरी ओळी यायच्याच, कमी पण यायच्या. बोलणंच नाही तर कचरा कुठला? शोधून शोधून थकले. शेवटी दिसलं. कोपऱ्यात मी एक घड्याळ ठेवलं होतं, काटे फिरणारं, शोभेला. ते दर सेकंदाला नवं चित्र काढायचं अन् जुनं फेकायचं. ढिगातला मोठा वाटा माझ्या हौसेचा निघाला! काढून टाकलं.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. विमलची सगाई असतं.


३ फेब्रु., गुरु.

आज पूर्ण दिवस दोनदाच अडकलं, तेही थोडंसंच. बापूनं स्वतः गमछा काढला. मी काम करते असं दाखवून बघत राहिले.

मशीनवर त्याचा पहिला शब्द, "तंबाखू."

याडीनं चप्पल फेकली. खरीच फेकली. बापू आवाज न करता हसला, खांदे हलत होते. मग शब्द शोधत शोधत मला, "घड्याळ... कुठं... गेलं?"

"काढलं. तुझ्या मनगटावर हाये ना."

"ते... बंद... हाये."

किती महिन्यांनी भांडलो आम्ही. इतकं बरं वाटलं. त्याचा तो "हाये", शेवटी थोडा ओढलेला, अगदी तोच. बाई गं.


८ फेब्रु., मंगळ.

राहिलेल्या दोन अडकण्यांसाठी डोकं लावलं. आवाजाचा साठा पुढं भरून ठेवायचा. मधे झाडू आला तरी साठ्यातला आवाज वाजत राहील, कुणाला कळणार नाही. केलं. खरंच कळेना. मी खूश.

पण आता कळ दाबल्यावर आवाज उशिरा यायला लागला. बापूला वाटलं दाबलंच गेलं नाही, परत दाबलं. परत. मग सगळे एकामागं एक, "चहा. चहा. चहा." याडी आत. तिनं तीन कप आणून आदळले. "घे. पी. अजून हाये का कुणी पिणारं?"

साठा कमी केला. ह्या कामात एकीकडं ओढावं तर दुसरीकडं उघडं पडतं.

नसरीनला सांगितलं तर म्हणते, "सी लँग्वेज में लिखती तो ये नौबतच नई आती. खुद का कचरा खुद उठाती."

म्हटलं, "तू तुझ्या डब्याची पिशवी कधी घरी नेतेस का? चालली मला सांगायला."


१३ फेब्रु., रवि.

बापूला बोलताना नुसतं बघत बसले आज. मशीनकडं नाही, त्याच्याकडं. शब्द निवडताना बोटं कळांवर. समोरचा बोलायला लागला की हात मांडीवर. दुसरा बोलत असतो तेव्हा आमचं मशीन रिकामंच असतं की. तेव्हा झाडलं तर कुणाचं काय जातं? पंगत उठल्यावर झाडायचं, एवढं साधं.

पण मशीनला कसं कळणार पंगत उठली? हात थांबला की झाडायचं असं केलं तर बापू शब्द शोधत असतानाच झाडू सुरू व्हायचा. म्हणून पूर्णविरामाची कळ दिली. वाक्य संपलं, कळ दाबायची, मशीननं झाडायचं. मधे कधीच नाही. (म्हणजे मी नुसतं सांगते "आता झाड." ती विनंती असते, हुकूम नाही, ऐकलंच पाहिजे असं बंधन नाही. आमचं मशीन ऐकतं. अजून तरी.) मधे कचरा साठेल म्हणाल तर तेवढा होतच नाही आता, स्टीलचं ताट.

एकच घोडं अडलं. बापू पूर्णविराम दाबतच नाही! जन्मात कधी वाक्य पुरं केलंय त्यानं? "जेवायला... वाढ" म्हणून उठून जातो. मी मागून ओरडते, "बापू, टिंब!" तो मागं येऊन अंगठ्यानं असं दाबतो जसं काही ढेकूण मारतोय.

विमलनं त्या कळेला तिची लाल टिकली चिकटवली, दिसावी म्हणून. त्या दिवसापासून पहिल्यांदा तिनं मशीनला हात लावला. विचारलं, "मग आता हे बोलंल का बराबर?"

"बोलंल."

"मग त्यांना सांगा ना कुणीतरी."

एवढंच बोलली अन् आत गेली. मी इतके दिवस झाडूच्या मागं, अन् ही रोज त्या जीपचा आवाज ऐकत बसलेली.


२२ फेब्रु., मंगळ.

आजचा दिवस! हसावं का रडावं.

देवरावकाका कापडाला हिंगोलीत येतात, नसरीनच्या अब्बांच्या दुकानात. नसरीननंच त्यांना "दोन मिनिट चलो चाचा" करत क्लासवर आणलं. मला आधी सांगितलं पण नाही. दारात बघून मी खुर्चीवरून उठलेच.

मी जुना प्रोग्राम क्लासच्या मशीनवर वेगळा ठेवला होता, अडकणारा. म्हटलं, "काका, बोलत न्हाई, दाखवते." तेच वाक्य लावलं. देवराव, आमाला, हे, नातं, मान्य, हाये. सरळ बोललं! एकदम सुरळीत. परत लावलं. परत सुरळीत. काका माझ्याकडं बघून राहिले. मी घामाघूम झाले. महिनाभर जे अडकू नये म्हणून मर मर मेले, ते आज अडकावं म्हणून नागनाथाला नवस बोलले.

बहुतेक पाचव्यांदा. "मान्य..." अन् बंद. डिस्क खरखर. काका वाट बघून राहिले. नसरीन तोंडात ओढणी कोंबून. केवढा वेळ. मग बापूचा आवाज, "हाये."

काका हसले, इतके हसले की ठसका लागला. पाणी दिलं. पेला खाली ठेवला. म्हणाले, "म्हंजे नायक तवा हो म्हणत व्हता?"

"व्हय काका."

"अन् मी उठून गेलो."

"आमचीच माणसं म्हणली ना, नायक थांबला म्हणून. तुमचं काय चुकलं?"

बराच वेळ गमछ्यानं तोंड पुसत राहिले. मग, "होळीच्या आत येतो. अन् ऐक पोरी, आता त्या मशीनला किती बी दम लागू दे. मी बसून राहीन. दुसऱ्यांदा उठणार न्हाई."

घरी येऊन सांगितलं. याडीनं नागनाथाच्या दिशेनं हात जोडले. विमल दळणाला गिरणीवर गेली, रिकामा डबा घेऊनच गेली येडी, दळण घरीच.


६ मार्च, रवि.

नसाब बसला. आपरेशननंतर पहिल्यांदा बापू पुढं. दोन भावांचं बांधाचं भांडण, दोघंही तोंडाळ. मी बापूच्या मागं खाली बसले, काळी खिडकी माझ्याकडं तोंड करून. बापू बोलला, टिंब. खिडकीत ओळ. भाऊ भांडले. बापू बोलला, टिंब. ओळ. दुपार कलली. वाक्याच्या मधे एकदा पण नाही. एकदा पण नाही!

इतक्या वेळा झाडलं त्या माणसांच्या समोर, कुणाला पत्ता नाही. कारभारी जाताना म्हणाला, "नायक आता पहिल्यापेक्षा बरा बोलतो. वाक्य तरी पुरं करतो."

गंगेत घोडं न्हालं. मी गोठ्यात जाऊन रडून घेतलं. म्हशीनं बघितलं, तिला काय.


१२ मार्च, शनि.

उद्या येणार. इन्व्हर्टरची बॅटरी भरली, शब्द परत तपासले. सगळं ठीक आहे.

विमल डी.एड.चं पुस्तक घेऊन बसली होती, पान काही उलटेना. म्हटलं, "काय गं?"

"पोरगं चांगलं हाये गं. आईला स्वतः दवाखान्यात नेत व्हता, मी बघितलंय त्याला." मग, "पण पहिलंच वरीस हाये माझं."

"मग?"

"काही न्हाई."


१३ मार्च, रवि.

सगळं नीट आठवून लिहिते. घाई नाही करायची.

देवरावकाका आले, मुलाचे वडील, अजून तिघं. मुलगा ड्यूटीवर. काकांनीच सगळ्यांना बजावलं, "हे बघा, मशीन मधीच दम घेते. कुणी उठायचं न्हाई. मुकाट बसायचं." मी म्हटलं, आता नाही घेत काका. ते म्हणाले, "घेऊ दे की. आमी बसलोय."

बापूनं सुरुवात केली. "देवराव. आमाला हे नातं मान्य हाये." टिंब! पुरं! एका दमात! याडी आतून हुंदका देऊन हसली. साखर आली. मला वाटलं संपलं, आता पसरावं इथंच सतरंजीवर.

मग मुलाचे वडील म्हणाले, लगीन ह्याच उन्हाळ्यात करू. अन् शिक्षणाचं काय, ते आता सोडून द्यावं. घरी सासू आजारी, पोरीला रोज हिंगोलीला कोण पाठवणार. गोडच बोलले. वाईट माणूस नाही.

बापूनं शब्द निवडले. "विमलचं... शिक्षण..."

अन् शांत.

सगळे मशीनकडं बघायला लागले. देवरावकाकांनी हात वर केला, "थांबा. दम घेतेय. बसा." मोठ्या मायेनं. कुणी बिस्कीट घेतलं. कारभारी माझ्या कानात, "अडकलं वाटतं पुन्हा."

मी काळ्या खिडकीकडं बघितलं. ओळ नाही. मागच्या टिंबानंतर एकही नाही. डिस्क गप. मग वर बघितलं. बापू समोर बघत बसलेला, हात मांडीवर.

मशीन अडकलं नव्हतं. बापू थांबला होता.

त्या सगळ्यांत ते फक्त मला माहीत. इतकी वर्षं ज्या गोष्टीला सगळा तांडा माना खाली घालायचा, तिला आज लोक बिस्कीट खात थांबले होते. मीच शिकवलं होतं त्यांना, थांबायला.

देवरावकाका म्हणाले, "पोरी, अडकली ना मशीन? राहू दे, जोर नको देऊ. शिक्षणाचं मागून बघू, आदी टिळा लावून घेऊ."

किती सोपं होतं. व्हय काका, अडकली. एवढंच. टिळा लागला असता, सगाई झाली असती, विमलचा कंडक्टर तिला मिळाला असता. अन् बापूचं नाही माझ्या झाडूच्या खाती गेलं असतं. विमल दारात उभी होती, पदर दातात. तिला काय पाहिजे होतं मला खरंच कळत नव्हतं. तिला पण नसावं.

म्हटलं, "मशीन बराबर चालू हाये काका. बापू थांबलेत."

कारभाऱ्याची मान आपोआप खाली गेली, सवयीनं. मग आमच्या सगळ्यांच्या. पाहुण्यांना काही कळेना, पण त्यांची बिस्किटं हातातच राहिली.

बापूनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रागावला, की ह्यांच्यासमोर कशाला बोललीस. पण तो परत कळांवर वाकला. वेळ लागला, शब्द लांब लांब ठेवलेत मी. "विमलचं शिक्षण... पुरं... होईल. मग... लगीन." टिंब. अंगठ्यानं.

खिडकीत ओळ आली.

माझ्या आठवणीत बापूनं नाही म्हणून वाक्य पुरं केलं असं हे पहिलंच.

मुलाचे वडील काकांकडं बघायला लागले. देवरावकाका उठले नाहीत. बोलले होते तसं बसून राहिले. चहा संपवला. मग म्हणाले, "घरी बोलून सांगतो नायक." जाताना हात जोडले ते बापूला, मशीनला नाही. टिळा राहिला.


१४ मार्च, सोम.

विमल बोलेना सकाळपासून. क्लासला जायला जीपची वाट बघत उभ्या होतो, दोघींनाही हिंगोलीलाच जायचं. शेवटी मीच म्हटलं, "मी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का?"

"काल वाटलं, बोलायला पायजे व्हतं." मग जीपमधे, गर्दीत, कानाशी येऊन, "पण तू बोलली असतीस अन् मला मागून कळलं असतं ना, तर तुला मशीनसकट आडात ढकललं असतं."

म्हटलं, मशीन नको गं ढकलू, महिना गेलाय त्यात.

हसली. हसली म्हणून लिहून ठेवते. रात्री काय होतं माहीत नाही, पण जीपमधे हसली.


१७ मार्च, गुरु.

निरोप नाही.

बापू दिवसभर बोलतो. कारभाऱ्याशी, याडीशी, कोंबड्यांशी पण. बोअरची मोटार एकदाची वर निघाली. टिंब विसरतो, मी ओरडते. घर परत आवाजाचं झालं. निरोप नाही तरी मी रोज पोटभर झोपते, मला लाज वाटायला पाहिजे.

नसरीनच्या अब्बांची पाठ दुखते म्हणून त्यांच्या दुकानावर पण बोलणारं काहीतरी कर म्हणे. म्हटलं, त्यांना आवाज आहे की. "हां, पर उठना नई पडेगा." वा रे वा.


२१ मार्च, सोम.

दुपारी घरचा फोन वाजला. मी उचलला. देवरावकाका. आवाजावरून काही कळेना. हो का नाही, काही बोलले नाहीत. म्हणाले, "नायक हाये का?"

"हायेत काका. काय निरोप सांगू?"

"निरोप न्हाई. त्यालाच विचारायचंय. पुरं म्हंजे कवा पुरं? ह्या वर्साची परीक्षा झाल्यावर का दोन्ही वरीस? आमच्या घरात दोन मतं हायेत. मला नायकाच्या तोंडून ऐकायचंय, मग मी माझ्या भावाला सांगीन."

"काका, फोनवर वेळ लागंल. बापूला शब्द शोधावे लागतात."

"लागू दे. मी धरून हाये."

विमलला हाक मारली. ती पीठ मळलेल्या हातानंच आली. बापूला बाजेवरून आणलं, लॅपटॉप सुरू केला. तो विमलकडं बघून राहिला. विचारत होता. विमलनं दोन बोटं दाखवली, पिठाची. मग एक वाकवलं. मग परत सरळ केलं. बापूनं मान हलवली, कळलं म्हणून, अन् कळांवर वाकला.

मी रिसीव्हर लॅपटॉपच्या स्पीकरला लावून धरला.

"देवराव..." बापू म्हणाला, अन् पुढचा शब्द शोधायला लागला. फोनमधून श्वास ऐकू येत होता. कुणी मधे बोललं नाही.